मानसशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र : तंत्रज्ञान फळ्यावर नको, प्रयोगाच्या टेबलावर हवे

प्रति,
माननीय अध्यक्ष व सदस्य,
मानसशास्त्र अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे.

विषय : मानसशास्त्राच्या अध्यापनात, विशेषतः प्रात्यक्षिकांत, तंत्रज्ञानाला द्यावयाच्या जागेबाबत.

सा. न. वि. वि.

मी गेली २२ वर्षे तालुक्याच्या एका गावातील कला महाविद्यालयात मराठी माध्यमातून मानसशास्त्र शिकवतो आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने कळवले, की आरोग्यसेवा व संलग्न व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत, आणि त्या यादीत मानसशास्त्राचे नाव स्पष्टपणे होते. आमच्या वर्तुळात या बातमीचे स्वागत झाले. घरबसल्या पदव्या वाटण्याचे दुकान एकदाचे बंद झाले, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

नंतर मात्र एक प्रश्न मनात घर करून बसला. समोरासमोर बसल्याशिवाय हा विषय नीट शिकवता येत नाही, असा या निर्णयाचा अर्थ मी घेतो; मग नियमित महाविद्यालयांत आम्ही असे काय करतो, जे घरबसल्या होणार नाही? वर्गात सांगितलेली टिपणे फोनवर वाचता येतात. प्रोजेक्टरवर दाखवलेल्या स्लाइड संध्याकाळपर्यंत पीडीएफ होऊन व्हॉट्सॲपच्या गटावर पोहोचलेल्या असतात. उरतात ती प्रात्यक्षिके, आणि प्रात्यक्षिकांची अवस्था आपल्यापैकी जे बाह्य परीक्षक म्हणून फिरतात त्यांना मी सांगायला नको. माझे म्हणणे एवढेच आहे की, तंत्रज्ञान आपण फळ्याच्या जागी नेऊन बसवले, ते प्रयोगाच्या टेबलावर यायला हवे होते, आणि अभ्यास मंडळाने ते अभ्यासक्रमात लिहिल्याशिवाय तेथे येणार नाही.

आमच्या विभागाच्या लोखंडी कपाटात एक मेमरी ड्रम, म्हणजे स्मृतीच्या प्रयोगात ठरावीक वेळाने एकेक शब्द पुढे आणणारे यंत्र, आहे. त्याची मोटर कधी बंद पडली हे माझ्या आधीच्या सरांनाही आठवत नव्हते; डेडस्टॉक रजिस्टरमध्ये मात्र तो दरवर्षी चालू स्थितीत असतो. त्याच्याऐवजी आम्ही पुठ्ठ्याची कार्डे वापरतो आणि प्रयोगकर्ता मनातल्या मनात दोन सेकंद मोजून पुढचे कार्ड धरतो. सत्र संपत आले की जर्नले, म्हणजे प्रात्यक्षिकांच्या वह्या, लिहिली जातात, त्यातली निम्मी मागच्या वर्षीच्या जर्नलांवरून उतरवलेली असतात आणि प्रयुक्ताची, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला त्या व्यक्तीची, आद्याक्षरे तेवढी बदललेली असतात. अंतर्निरीक्षण अहवालात, म्हणजे प्रयोग करताना काय वाटले हे सांगणाऱ्या टिपणात, प्रत्येक प्रयुक्ताला ‘प्रयोग करताना आनंद वाटला’. २२ वर्षांत कंटाळलेला एकही प्रयुक्त माझ्या वाचनात आलेला नाही. निरर्थक शब्दांची यादी बारा वेळा वाचूनही ज्याला कंटाळा येत नाही, अशा माणसाचाच खरे तर स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा.

हे सगळे विद्यार्थ्यांच्या आळसावर ढकलून मोकळे होता येईल. पण साधनच खोटे असेल तर मुलांनी खरे आकडे कोठून आणावेत? प्रतिक्रियाकालाचा प्रयोग घ्या. दिवा दिसताच कळ दाबायला तरुण माणसाला २०० मिलिसेकंद किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि आवाजाला दिलेली प्रतिक्रिया त्याहून वीस-चाळीस मिलिसेकंद लवकर येते. हा बारीक फरक दाखवणे हाच प्रयोगाचा हेतू असतो. पण हातात स्टॉपवॉच धरून बसलेल्या प्रयोगकर्त्यालाही बोट हलवायला तेवढाच वेळ लागतो. गुंजभर सोने वखारीच्या काट्यावर तोलावे, तसला हा प्रकार आहे. मुलाने मनापासून प्रयोग केला तरी त्याला फरक सापडेलच असे नाही, आणि फरक सापडला नाही तर गुण जातील हे त्याला ठाऊक असते. मग तो पुस्तकातला निष्कर्ष आधी वाचतो आणि त्याला शोभतील असे आकडे तक्त्यात भरतो.

याउलट स्ट्रूपचा प्रयोग पाहा. १९३५ साली जे. रिडली स्ट्रूप यांनी प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत १०० रंगचौकटींचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले होते आणि तेच रंग भलत्याच रंगनामांच्या शाईत दिसले, म्हणजे ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असला, तेव्हा ११०.३ सेकंद लागले होते. ४७ सेकंदांचा फरक मोजायला साधे स्टॉपवॉच, किंबहुना भिंतीवरचे घड्याळही पुरते. म्हणून सरसकट संगणक आणा असे मी म्हणत नाही. कोणत्या प्रश्नाला किती अचूक साधन लागते हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे, आणि ते कळण्यासाठी दोन्ही साधने त्याच्या हाताखालून गेली पाहिजेत.

सुदैवाने चांगले साधन आता महाग राहिलेले नाही. सायकोपाय, ओपनसेसमी आणि जेएससाइक ही मानसशास्त्रीय प्रयोगांसाठीची तीन सॉफ्टवेअर विनामूल्य व मुक्त स्रोत आहेत आणि जगभरातले संशोधक ती वापरतात. आमच्या महाविद्यालयात मानसशास्त्राचा एकही संगणक नाही. पण संगणकशास्त्र विभागाची प्रयोगशाळा बुधवारी दुपारी रिकामी असते, आणि प्राचार्यांच्या एका सहीवर ती आम्हाला मिळाली. तेथे गेल्या वर्षी २६ मुलांनी प्रतिक्रियाकालाचा प्रयोग केला. प्रत्येकाचे ६० प्रयत्न, प्रत्येक प्रयत्नाची वेळ फाइलमध्ये आपोआप नोंदलेली. तीन मुलांचे निकाल अपेक्षेच्या उलट आले. त्यातल्या एका मुलीने ते लपवायचे कसे असे मला अगदी गंभीरपणे विचारले, आणि एवढ्या वर्षांत आपण या मुलांना काय शिकवले ते मला त्या प्रश्नाने दाखवले.

तेथे तंत्रज्ञानाच्या मर्यादाही समोर आल्या, आणि त्या लपवण्याऐवजी शिकवण्यासारख्या होत्या. नेहमीचा पडदा सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवतो, म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे १७ मिलिसेकंद जातात. त्याहून कमी काळ एखादा शब्द दाखवा असे त्या पडद्याला सांगून उपयोग नाही. मोबाइलवर बोट टेकल्यापासून नोंद होईपर्यंत आणखी उशीर होतो आणि तो प्रत्येक फोनमध्ये वेगळा असतो. म्हणून वेगवेगळ्या फोनवर मोजलेल्या दोन मुलांच्या वेळांची तुलना करता येत नाही, पण एकाच फोनवर एकाच मुलाच्या दोन परिस्थितींतील फरक बघता येतो. स्वाश्रयी व आश्रयी परिवर्त्यांच्या (आपण बदलतो ती गोष्ट आणि तिच्यामुळे बदलते ती गोष्ट) व्याख्या पाठ करून घेतल्या असत्या तर नियंत्रण म्हणजे काय हे मुलांना इतके स्पष्ट कळले नसते.

भाषेचा मुद्दा मला विशेष महत्त्वाचा वाटतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्मृतीवरचे आपले संशोधन प्रसिद्ध केले तेव्हा प्रयोगकर्ताही तेच होते आणि प्रयुक्तही तेच. सुमारे २,३०० निरर्थक अक्षरसमूह त्यांनी स्वतःसाठी तयार केले होते. आपण अजून अनेक ठिकाणी रोमन लिपीतले तीन अक्षरी गट मराठी माध्यमाच्या मुलांपुढे ठेवतो. एका मुलाने त्यातला एक गट ‘झोफ’ असा वाचला आणि आठवताना ‘झोप’ असे सांगितले. त्याच्यासाठी तो शब्द निरर्थक राहिलाच नव्हता. देवनागरी अक्षरांची लिपी आहे, त्यामुळे व्यंजन-स्वर-व्यंजन हा साचा तिच्यात दोन अक्षरांत येतो आणि जोडाक्षरे आली की वाचनाला लागणारा वेळ बदलू शकतो. म्हणून मराठीतील निरर्थक शब्दांची यादी करणे म्हणजे भाषांतर करणे नव्हे. शंभर शब्द घ्यावेत, काही शे मुलांकडून प्रत्येक शब्दावरून काय आठवते ते लिहून घ्यावे आणि ज्यांवरून काहीच आठवत नाही तेवढेच ठेवावेत. एका महाविद्यालयाला हे अवघड आहे; पण एका विद्यापीठाशी जोडलेली सगळी महाविद्यालये मिळून हे एका सत्रात करू शकतात, आणि ती यादी, स्ट्रूपचे मराठी संच आणि तयार प्रयोगांच्या फाइली मंडळाच्या संकेतस्थळावर ठेवल्या तर गडचिरोलीतल्या महाविद्यालयालाही त्या पुण्याइतक्याच सहज मिळतील.

जुन्या साधनांपैकी काही तशीच राहू द्यावीत, अशीही विनंती आहे. आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवण्याचा प्रयोग पडद्यावर करण्यात काही अर्थ नाही. पेन्सिल भलतीकडे जाते, मुलगा हसतो, चिडतो, दहाव्या प्रयत्नाला हात आपोआप वळू लागतो आणि मग डाव्या हातालाही उजव्या हाताच्या सरावाचा फायदा झालेला दिसतो. त्या टेबलाभोवती उभ्या असलेल्या मुलांना अध्ययन संक्रमण पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

आता वर्गाकडे वळतो. अध्ययन कसे होते हे सांगणारा आपला विषय, आणि त्याचेच अध्यापन त्या ज्ञानाच्या विरुद्ध दिशेने चालते, हे मला खटकते. एबिंगहाउस यांना एका दिवसानंतर तेच पुन्हा पाठ करताना पूर्वीच्या श्रमांची सुमारे ३४ टक्केच बचत आढळली, हे आम्ही मुलांना सांगतो आणि सत्राच्या शेवटी एकच मोठी परीक्षा घेतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा वाचला आणि काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांचे ५६ टक्के टिकले होते, पुन्हा वाचणाऱ्यांचे ४२. या निष्कर्षातला पहिला भागच आपल्या परीक्षापद्धतीचे मर्म सांगतो : आदल्या रात्री पुनःपुन्हा वाचणाऱ्याला सकाळच्या पेपरात फायदाच होतो, म्हणून तो तेच करतो, नुकसान पुढच्या सत्रात दिसते आणि तेव्हा त्याचे गुण कोणी मागत नाही.

येथे साधा फोन उपयोगी पडतो. दर तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावर दोन आणि महिन्यापूर्वीच्या पाठावर एक असे तीन प्रश्न मुलांनी फोनवर किंवा कागदाच्या चिठ्ठीवर सोडवावेत, उत्तर लगेच कळावे, चुकल्याबद्दल गुण जाऊ नयेत. दोन वर्षे मी हे करतो आहे. सहा मिनिटे लागतात. पण अंतर्गत मूल्यमापनाच्या नियमांत याला जागा नाही, कारण तेथे चाचणी, गृहपाठ आणि सादरीकरण एवढेच रकाने आहेत. या रकान्यात बदल करणे फक्त आपल्या हातात आहे.

स्लाइडबद्दल थोडक्यात सांगतो. पडद्यावरचा मजकूर आणि शिक्षकाच्या तोंडचा मजकूर अक्षरशः एकच असेल तर शिकणे सोपे होण्याऐवजी अवघड होते, असे रिचर्ड मेयर यांचे बहुमाध्यम अध्ययनावरचे संशोधन सांगते. तरीही स्लाइड वाचून दाखवणे म्हणजे तंत्रज्ञानाचा वापर, अशी नोंद आपल्या मूल्यांकनाच्या फाइलींत होत राहते. एका प्रशिक्षणवर्गात तर आम्हा शिक्षकांकडून दृश्य, श्राव्य, स्पर्श अशा अध्ययनशैलींची ऑनलाइन चाचणी भरून घेतली आणि प्रत्येकाला रंगीत प्रमाणपत्र दिले. शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकता येते याला पुरेसा पुरावा नाही, हे पॅशलर, मॅकडॅनियल, रोरर आणि ब्यॉर्क यांनी २००८ सालीच दाखवले होते. इतर विषयांच्या लोकांनी या कल्पनेवर विश्वास ठेवला तर समजू शकतो. मानसशास्त्राच्या लोकांना ती मुभा नाही.

शिक्षणातील यंत्र ही कल्पनाही मूळची आपल्याच घरातली आहे. १९५३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर मुलीच्या शाळेत गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांची गणिते केव्हाच सुटली होती, काहींना ती येतच नव्हती, आणि आपले बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. त्यातून त्यांचे अध्यापन-यंत्र जन्मले : लहान पायऱ्या, स्वतःची गती, तत्काळ प्रबलन, म्हणजे बरोबर उत्तराला लगेच मिळणारी दाद. आज फोनवरचे शिकवणारे ॲप हेच करते आणि वेळ खाणारे ॲपही हेच करते. प्रबलनाच्या वेळापत्रकांवर १९५७ साली फर्स्टर आणि स्किनर यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला, आम्ही त्यातले चार प्रकार कबुतराच्या उदाहरणाने पाठ करून घेतो, आणि वर्ग संपताच मुले अनियमित गुणोत्तर वेळापत्रकासारखेच, म्हणजे कितव्या वेळी मिळेल याचा नेम नसलेले, बक्षीस देणारी एक वस्तू खिशातून बाहेर काढतात. आपण एका आठवड्यात किती वेळा आणि कशानंतर फोन उचलला याची स्वतःची नोंद ठेवून तिचा आलेख काढणे, हे एक प्रात्यक्षिक म्हणून अभ्यासक्रमात का असू नये? त्याला ना यंत्र लागते ना निधी.

तंत्रज्ञानाने एक धोकाही आणला आहे. पदवीच्या प्रकल्पांसाठी मुले नैराश्याची, चिंतेची किंवा एकाकीपणाची प्रश्नावली गूगल फॉर्मवर चढवतात आणि दुवा गटागटांवर पाठवतात. दोन दिवसांत शंभर उत्तरे येतात, सहसंबंध काढला जातो, जर्नल पूर्ण होते. काही प्रश्नावल्या प्रताधिकाराखाली असतात हा त्यातला लहान मुद्दा. मोठा मुद्दा असा की, पीएचक्यू-९ या नैराश्याच्या, सर्वांना खुल्या असलेल्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. रात्री अकराला कोणी त्यापुढे ‘जवळजवळ रोज’ असे उत्तर नोंदवले, तर ते कोण वाचणार आणि वाचून काय करणार? उत्तर वाचणारा असतो एकोणीस वर्षांचा वर्गमित्र, आणि तेही प्रकल्पाच्या आदल्या रात्री एक्सेलमध्ये बेरीज करताना. फॉर्मने ईमेल पत्ता आपोआप घेतला असेल, तर उत्तर कोणाचे तेही त्याला दिसते. कनिष्ठ महाविद्यालयातील मुलांपर्यंत हे दुवे जातात तेव्हा प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक मानतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो.

कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या व्यवसायाची नीती एवढे मागते, की पदवीपातळीवर अशा चाचण्यांचे ऑनलाइन संकलन थांबावे. स्मृती, अवधान, निर्णयप्रक्रिया, सवयी या विषयांवर प्रकल्पांना तोटा नाही. पदव्युत्तर पातळीवर तशी चाचणी घ्यायचीच असेल तर नाव व ईमेल न घेता, मार्गदर्शकाने त्याच दिवशी उत्तरे पाहण्याच्या अटीवर, आणि फॉर्मच्या पहिल्या व शेवटच्या पानावर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळकपणे देऊन घ्यावी. हे नियम आज प्रत्येक महाविद्यालय आपापल्या बुद्धीने ठरवते, म्हणजे बहुधा ठरवतच नाही.

राहिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न. दहा प्रयुक्तांचे आकडे, मध्यमान, प्रमाण विचलन, चर्चा आणि अर्थात आनंदित प्रयुक्तांचे अंतर्निरीक्षण अहवाल, असे सबंध जर्नल आता दोन मिनिटांत तयार होते. पूर्वी जर्नल उतरवायला निदान दोन रात्री लागत. यावर बंदीचा कागद काढून काही होणार नाही. आपण ज्याला गुण देतो ते बदलावे लागेल. २०१५ साली मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध संशोधनांची पुनरावृत्ती करण्याचा एक मोठा सामूहिक प्रयत्न झाला. मूळ संशोधनांपैकी ९७ टक्क्यांचे निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या सार्थ (निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता कमी असलेले) होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांचेच तसे आले. आपल्याच विषयाने जगापुढे स्वतःची अशी झडती दिली असताना बी. ए. च्या जर्नलात मात्र प्रत्येक प्रयोग १०० टक्के यशस्वी होतो. म्हणून जर्नलाच्या सुबकतेला असलेले गुण कमी करून ते तीन गोष्टींना द्यावेत : प्रयोगाच्या वेळी तयार झालेली मूळ नोंदीची फाइल, अपेक्षेविरुद्ध आलेल्या निकालाचे प्रामाणिक स्पष्टीकरण, आणि तोंडी परीक्षेत स्वतःच्या आकड्यांवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे. ज्याने प्रयोग केला आहे त्याला चौथ्या प्रयुक्ताने मध्येच पाणी मागितले होते हे आठवते.

यासाठी शिक्षकांना शिकवावे लागेल, हेही नमूद करतो. माझ्या पिढीतील बहुतेकांनी हे सॉफ्टवेअर पाहिलेले नाही. मलाही ते संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्याने चार बुधवार बसून शिकवले. चार दिवसांची एक कार्यशाळा, जिच्यात प्रत्येक शिक्षक स्वतःच्या हाताने एक प्रयोग बांधून घरी नेईल, एवढे पुरेसे आहे. उद्घाटन, सत्कार आणि समारोप यांना त्यातला अर्धा दिवस गेला तरी माझी तक्रार नाही.

आमच्या २६ विद्यार्थ्यांच्या मूळ नोंदी (नावे वगळून), स्ट्रूपच्या प्रयोगाचा मराठी संच आणि निरर्थक शब्दांची आमची ७० शब्दांची कच्ची यादी मी मंडळाकडे विनाअट सोपवायला तयार आहे. त्या यादीतले किमान दहा शब्द विदर्भात किंवा कोकणात अर्थपूर्ण निघतील अशी मला शंका आहे, म्हणून ती तेथील सदस्यांनी आधी तपासावी. अभ्यासक्रमाच्या पुढील फेरविचाराच्या बैठकीत प्रात्यक्षिकांच्या गुणविभागणीचा विषय घ्यावा आणि त्या बैठकीला तालुक्याच्या महाविद्यालयांतील दोन-तीन शिक्षकांना बोलवावे, ही विनंती. बुधवार सोडून कोणत्याही दिवशी मी येऊ शकतो.

कळावे,
आपला विश्वासू,
मानसशास्त्राचा एक शिक्षक